भुशाचं कपाट घ्यावं का?

ताई, आमचं लग्न होऊन आठ महिने झाले. भांडुप पश्चिमेला वन बीएचके भाड्याने घेतलाय. करार अकरा महिन्यांचा. मालक चांगले आहेत, पण पुढचं कुणी सांगावं! सध्या गादी जमिनीवर आणि कपडे बॅगांमध्ये आहेत. आम्ही ७० हजार रुपये बाजूला काढलेत. त्यात कपाट, पलंग, मला घरून काम करायला टेबल आणि पुस्तकांचं शेल्फ बसवायचंय. ऑनलाइन तीन दारी कपाट १६ हजारांना दिसतं, घरी येऊन जोडून देतात. सासरे लालबागला चाळीत राहतात. त्यांच्याकडे ४० वर्षांचं सागवानी कपाट आहे. ते म्हणतात, "भुशाचं कपाट ते, एका पावसाळ्यात फुगेल. पैसे पाण्यात." त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने प्लायच्या कपाटाचे ५५ हजार सांगितले. नवरा म्हणतो, हल्ली सगळे हेच घेतात. रिव्ह्यू वाचायला गेले तर अर्ध्यांनी पाच तारे दिलेत, अर्ध्यांनी एक. मला फर्निचरमधलं काही म्हणजे काही कळत नाही. स्वस्त कुठलं आणि टाकाऊ कुठलं, हे ओळखायचं कसं?

एक वाचक, भांडुप


सासऱ्यांपासून सुरुवात करू, कारण त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. १६ हजारांत तीन दारी कपाट म्हणजे ते बहुतेक पार्टिकल बोर्डचंच असणार. लाकडाचे बारीक तुकडे आणि भुसा, आपल्याकडे कधी कधी उसाचं चिपाडसुद्धा, रेझिनमध्ये, म्हणजे एक प्रकारच्या गोंदात, कालवायचं आणि गरम प्रेसखाली दाबायचं, की हा बोर्ड तयार होतो. दोन्ही अंगांना लाकडाच्या रेषा छापलेला मेलामाइनचा कागद बसवतात. आत पाणी गेलं की तो फुगतो आणि वाळला तरी पहिल्यासारखा होत नाही. सागवानाचं तसं नाही. ओल धरली तरी सुकतं, वरून रंधा फिरवला की पुन्हा उभं राहतं. सासऱ्यांना हे अनुभवाने माहीत आहे, त्यावर वाद घालायला जाऊ नकोस.

उरलेलं निम्मं असं, की त्यांचं कपाट ४० वर्षं एकाच खोलीत एकाच भिंतीला टेकून उभं आहे. चाळीत असली कपाटं दोरखंड लावून गॅलरीतून वर घेतात आणि ती एकदाच. तुमचं तसं नाही. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली की तुमचं कपाट निघालं टेम्पोत. त्यामुळे ते किती वर्षं टिकेल हा प्रश्न तुझ्यासाठी नंतरचा. किती वेळा सुटं होऊन पुन्हा घट्ट उभं राहील, हे आधी बघायचं. स्वस्त आणि टाकाऊ यांच्यातली रेघ तिथेच पडते. फोटोत ती दिसत नाही, कारण फोटोत दिसतो तो कागद, आणि कागद सगळ्यांचाच छान असतो.

खोक्यात सुटं होऊन येतं म्हणजे तकलादूच, हा समजही जरा बाजूला ठेव. इराण्याच्या हॉटेलात वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या असतात ना, त्या जातीची पहिली गाजलेली खुर्ची ऑस्ट्रियातल्या मिखाएल थोनेटने १८५९ मध्ये काढली. १४ नंबरची खुर्ची म्हणून ती ओळखली जाते. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावायच्या आणि बोटीने जगभर जायच्या. स्वीडनच्या आयकियाने टेबलाचे पाय काढून ते चपट्या खोक्यात घालायला सुरुवात केली १९५६ मध्ये, म्हणजे त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. इराण्याकडच्या खुर्च्यांवर तीन-तीन पिढ्यांनी बनमस्का खाल्लाय. तिथे स्क्रू बसतो तो बीच नावाच्या झाडाच्या भरीव लाकडात, ढिला झाला तरी पुन्हा आवळता येतो. पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू एकदा छान बसतो. काढून पुन्हा बसवला की पकड कमी होते, आणि तिसऱ्यांदा भोकातून भुसा गळायला लागतो. सगळी गोम या सांध्यात आहे.

आता तू साइटवर बघतेस तिथे बहुधा 'इंजिनिअर्ड वूड' एवढंच लिहिलेलं असेल. त्यावरून काहीच ठरवू नकोस. पार्टिकल बोर्ड, एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड), प्लाय, सगळं त्या एका नावाखाली खपतं आणि त्यांच्या किमतीत नि ताकदीत मोठं अंतर आहे. खाली तपशिलात जा, 'मटेरियल' आणि 'थिकनेस' शोध. दोन्हीतलं एकही सापडलं नाही तर ते कपाट यादीतून काढून टाक. ज्याला बोर्डाची जाडी सांगायला लाज वाटते त्याच्याकडून घ्यायचं कशाला? चांगले विक्रेते १६ किंवा १८ मिलिमीटर असं सरळ लिहितात. बोर्डावर आयएसआय शिक्का असल्याचा उल्लेख असेल तर उत्तम. कागद चढवलेल्या पार्टिकल बोर्डचं भारतीय मानक आयएस १२८२३ आहे. 'ई-१' किंवा 'ई-०' दिसलं तर तेही बघून ठेव. रेझिनमधून फॉर्मल्डिहाइडचा वायू किती सुटतो, त्याची ती प्रतवारी. 'ई-०' मध्ये 'ई-१' पेक्षा कमी. नव्या कपाटाचं दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात ते त्यानेच. बोर्ड कुठल्याही प्रतीचा असो, पहिला आठवडाभर दारं आणि खिडक्या सताड उघड्या ठेव आणि मगच कपडे लाव.

जाडी लिहिली नसेल आणि वजन लिहिलं असेल, तरी अंदाज बांधता येतो. १८० सेंटिमीटर उंच, १२० रुंद, ५० खोल, आत एक उभी फळी आणि चार-पाच कप्पे, असं तीन दारी कपाट १६ मिलिमीटरच्या बोर्डात केलं तर ते ८० किलोच्या आसपास भरतं. त्याच मापाचं कपाट कुणी ५० किलोचं सांगत असेल तर बोर्ड बारा किंवा त्याहून पातळ आहे, नाहीतर फोटोतले कप्पे तुला वेगळे विकत घ्यायचेत. हलकं आहे म्हणून खूश होऊ नकोस, इथे वजन म्हणजे माल.

कपाटाच्या खोलीवरून आठवलं. शर्टाचा हँगर साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर रुंद असतो. स्वस्त कपाटांची बाहेरून खोली कधी कधी ४५ च असते, आतून ४२ उरते. म्हणजे शर्ट तिरके लटकणार, बाह्या दारात अडकणार आणि दोष बिजागरीला जाणार. आतून ५० तरी हवी. हे माप दुकानात कुणी सांगत नाही, टेप घेऊनच जायचं.

आणि जायचं म्हणजे खरंच जायचं. ऑनलाइनच घे हवं तर, पण घेण्याआधी एक रविवार हाताने बघण्यात घाल. भांडुपहून ठाण्याला जाऊन ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला उतरलीस तर तिथे आयकियाचं मोठं दुकान आहे. तिथे काही घ्यायला हवं असं नाही. सगळं उघडून, ओढून, वाकून बघायची मुभा असते, ती वापर. दुसऱ्या टोकाला उल्हासनगरचा फर्निचर बाजार आहे, तिथे तयार कपाटं ओळीने उभी असतात आणि भाव करायचा असतो. दोन्हीकडे बघायचं तेच.

कसं बघायचं ते नीट सांगते. कपाटासमोर उभी राहू नकोस, खाली बस. बाजूच्या उभ्या फळीची जमिनीला टेकलेली कड बघ, लागलं तर मोबाइलचा टॉर्च मार. समोरच्या कडेला ती झाकणारी पट्टी सगळेच लावतात. खालची कड, मागची कड आणि आतल्या कप्प्यांची मागची बाजू, इथे पैसे वाचवले जातात. पट्टी नसेल तर तिथे बोर्डचा दाणेदार तपकिरी भुसा सरळ दिसेल. आपल्याकडे रोज लादी पुसली जाते. मावशी ओलं फडकं फिरवतात, पाण्याची रेघ कपाटाच्या पायाशी थांबते आणि उघडी कड ते पाणी वातीसारखी वर ओढते. मुंबईतली बहुतेक 'फुगलेली' कपाटं पावसाने फुगत नाहीत, लादी पुसण्याने फुगतात. आधी खालची चार बोटं फळी फुगते, मग दार खाली घासायला लागतं. म्हणून कपाटाला पाय हवेत, निदान इंचभर उंचीचे प्लास्टिकचे बूट तरी हवेत. आधीपासून नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात थोडक्या पैशात मिळतात आणि जोडणी करतानाच ठोकून घेता येतात.

मग पट्टीच्या टोकावर नख लाव. कोपऱ्यात नख आत शिरून पट्टी उचलली जात असेल तर गोंद कमी आहे किंवा मशिन नीट तापलं नव्हतं. दुकानाच्या एसीत जी पट्टी सुटते ती आपल्या जुलै महिन्यात काय धरणार? कडपट्टीची जाडी ०.४ मिलिमीटरपासून २ मिलिमीटरपर्यंत असते. निदान दारांना आणि टेबलाच्या कडेला जाड हवी. टेम्पोतून उतरवताना कोपरे आपटतात तेव्हा ती कामाला येते.

नंतर कपाटाच्या मागे जा. सेल्समनला 'जरा पुढे ओढता का' म्हण. पाठीची फळी तीन मिलिमीटरची असते, ते ठीक. ती बाजूच्या फळ्यांना खाच पाडून त्यात सरकवली आहे की मागून नुसत्या खिळ्यांनी ठोकली आहे, हे बघायचं. पाठ ही शोभेला नसते. कपाट काटकोनात उभं राहतं ते तिच्यामुळे. पाठ सैल असली की कपाट एका बाजूला कलतं, मग मधल्या दारांमध्ये खाली फट आणि वर घर्षण. लोक बिजागऱ्या बदलत बसतात, आणि दुखणं मागे असतं.

सांध्यात काय वापरलंय तेही विचार. मिनीफिक्स असेल तर चांगलं. एका फळीत धातूची खुंटी, दुसरीत गोल चकती, आणि चकती अर्धा फेरा फिरवली की ती खुंटीचं डोकं आत खेचून धरते. उलटी फिरवली की सुटतं. बोर्डात पुन्हा पुन्हा आटे पाडावे लागत नाहीत, म्हणून दोन-तीन शिफ्टिंग झेपतात. जोडीला डॉवेल, म्हणजे लाकडी गोल खुंट्या, असले तर वजन त्यांच्यावर जातं. नुसते लांब स्क्रू बोर्डाच्या कडेत घुसवलेले दिसले, तर ते कपाट एकदाच जोडायचं कपाट आहे. स्वतःच्या घरात भिंतीला लावून विसरायचं असेल तर तेही चालेल, तुला चालणार नाही.

सहा फुटी दाराला किमान तीन बिजागऱ्या हव्यात, चार असतील तर फारच छान. दोन असतील तर पुढे चल. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढ आणि टोकाला हाताने हलकं दाब. बॉल बेअरिंगचा टेलिस्कोपिक चॅनल (एकात एक सरकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असेल तर ड्रॉवर सरळ राहतो. पांढऱ्या रुळांवर प्लास्टिकची चाकं असतील तर तो पूर्ण बाहेर येत नाही आणि नाक खाली करतो. रुमाल-मोज्यांना ते पुरतं, साड्यांच्या थप्पीला नाही.

पुस्तकांच्या शेल्फबद्दल तू ओझरतं लिहिलंयस, पण लोक फसतात ते तिथेच. पुस्तकं सगळ्यांत जड. एक मीटर लांबीच्या फळीवर दाटीवाटीने लावली तर सहज २०-२५ किलो होतात. फळी वाकण्याचं गणित फार निर्दयी आहे. सलग सारख्या भारासाठी ६० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटरची फळी घेतली तर बाक दीडपट वाढत नाही, पाचपट वाढतो. उलट जाडी १६ वरून २५ मिलिमीटर केली तर तो जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय पार्टिकल बोर्ड पहिल्या दिवशी वाकत नाही. तो महिनोन्‌महिने भाराखाली हळूहळू बसत जातो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात पाच तारे देणाऱ्याने खोटं लिहिलेलं नसतं. तू ६० सेंटिमीटरहून लांब फळी घेऊच नकोस. दोन अरुंद शेल्फ शेजारी शेजारी उभी केलीस तर तीच जागा लागते आणि शिफ्टिंगला सोपं जातं. जाड पुस्तकं खाली, मासिकं वर.

उंच अरुंद शेल्फ आणि ड्रॉवरचं कपाट भिंतीला क्लिपने अडकवणं मात्र सोडू नकोस. २०१६ मध्ये अमेरिकेत आयकियाने जवळपास २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटं परत घ्यायची घोषणा केली. ड्रॉवर उघडून त्यावर चढलेल्या लहान मुलांच्या अंगावर ती उलटली होती आणि काहींचा जीव गेला होता. तुमच्याकडे मूल नसेल, पण भाचा-पुतण्या येतच असतील. मालकाला आधी फोन करून विचार: दोन भोकं पडतील, घर सोडताना पुट्टी भरून देऊ. सहसा नाही म्हणत नाहीत. भिंत जुन्या विटांची असेल तर साधा प्लग चालतो. नव्या टॉवरमधल्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीत तो फिरतो, तिथे त्या ब्लॉकसाठीचा वेगळा अँकर लागतो.

आता पैशांचं. १६ हजारांचं बऱ्यापैकी कपाट दोन शिफ्टिंग सोसून पाच वर्षं गेलं असं धर. वर्षाला ३,२०० पडले. मिस्त्रीचं ५५ हजारांचं प्लायचं कपाट १५ वर्षं गेलं तर वर्षाला साधारण ३,७००. फरक फार नाही, आणि प्लायचं दिसायला, वापरायला निःसंशय उजवं. पण १५ वर्षं जातात ती एका भिंतीला. मिस्त्री कपाट त्या भिंतीच्या मापाने करतो, फेविकॉल आणि खिळ्यांनी बांधतो. दुसऱ्या घराचा बीम चार इंच खाली असला की ते कपाट आत शिरत नाही. शिवाय ७० तले ५५ एकाच वस्तूत घातलेस तर पलंग कशातून आणणार? हे कपाट स्वतःच्या घरासाठी राखून ठेव. तेव्हा सासऱ्यांच्या मिस्त्रीलाच बोलव आणि स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० चा, बेडरूमसाठी आयएस ३०३ चा शिक्का असलेला प्लाय त्याच्यासोबत जाऊन आण.

तुझ्या यादीत नसलेलं एक नाव मी घालते, ते म्हणजे लोखंडी कपाट. हसू नकोस. गोदरेजने १९२३ मध्ये लोखंडी कपाटं करायला सुरुवात केली आणि तेव्हापासून मुंबईतल्या बदल्यांच्या नोकऱ्या, भाड्याची घरं आणि तुंबलेले पावसाळे या कपाटांनीच काढलेत. ती फुगत नाहीत, वाळवी लागत नाही, ढेकूण लपायला जागा कमी, आणि दहा वर्षांनी विकली तरी चार पैसे येतात. हल्ली ती पण सुटी होऊन खोक्यात येतात आणि नटबोल्टने जुळतात, रंगही नुसता करडा राहिलेला नाही. पत्र्याचा गेज विचारून घे: आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. वीस-बावीसचा असावा, चोवीसच्या पुढे पत्रा दाबला की टणटणतो. भांडुपला खाऱ्या वाऱ्याचा त्रास वरळी-वर्सोव्यासारखा नाही, त्यामुळे गंजाची धास्तीही कमी. दिसायला जुनाट वाटतं, हे मान्य. मी भाड्याच्या घरात असते तर कपड्यांना हेच घेतलं असतं.

पलंगात सगळ्यांत जास्त पैसे घाल, आणि पार्टिकल बोर्डचा स्टोरेजवाला पलंग अजिबात घेऊ नकोस. वन बीएचकेत जागेची टंचाई असते, हे मला कळतं. पण तो पलंग सगळ्यांत जड, त्यात सगळ्यांत जास्त सांधे, आणि त्याची आख्खी तळाची कड जमिनीला टेकलेली. म्हणजे मघाशी सांगितलेलं लादीच्या पाण्याचं दुखणं चारी बाजूंनी. दोन माणसांचं वजन रोज त्यावर हलणार, आणि शिफ्टिंगला तो पहिला मोडणार. त्याऐवजी शिसव, रबरवूड किंवा लोखंडी चौकटीचा, पायांवर उभा असलेला पलंग बघ. जमिनीपासून १२-१३ इंच मोकळी जागा ठेवणारा असेल तर तुमच्या त्याच बॅगा खाली सरकतील, शिवाय ओढायच्या पेट्या घेतल्या तर गाद्या-चादरीही बसतील. लांब फळ्या डोक्याकडच्या भागाला जुळतात तिथे बोल्ट आणि धातूचा नट हवा, नुसता लाकडात घुसलेला स्क्रू नको. मधल्या आडव्या पट्टीला खाली जमिनीला टेकणारा पाय हवाच. आणि तुमची गादी आत्ताच मोजून घे. ७२, ७५, ७८ इंच अशा वेगवेगळ्या लांब्यांच्या गाद्या बाजारात आहेत. पलंग ७८ चा आणि गादी ७२ ची झाली तर उशी रात्रभर त्या फटीत पडत राहील.

टेबलाचं मात्र फार मनावर घेऊ नकोस. लोखंडी पाय आणि वर १८ मिलिमीटरची फळी, उंची ७३ ते ७५ सेंटिमीटर, एवढं पुरे. इथे स्वस्तातलं घेतलंस तरी काही बिघडत नाही. आत पुठ्ठ्याची जाळी आणि वर पातळ फळी असलेली फार हलकी टेबलं मिळतात, तीही लॅपटॉपपुरती चालतात. फक्त त्यांच्या कडेला मॉनिटरचा क्लॅम्प आवळू नकोस, फळी पिचते.

म्हणजे हिशेब साधारण असा: पलंगाला २५ हजार, कपाटाला १६ ते २०, टेबलाला ८, दोन शेल्फना मिळून ५ किंवा ६. अकरा ते सोळा हजार हातात राहतील, ते राहू देत. पडदे, हँगर, इस्त्रीचं टेबल, प्रत्येक गोष्ट 'अरे, हे राहिलंच' म्हणत येते.

रिव्ह्यूंचं. पाच ताऱ्यांचे बरेचसे जोडणीच्या दिवशीच लिहिलेले असतात, त्यात 'दिसायला सुंदर, फिटर वेळेवर आला' यापलीकडे काही नसतं. एक ताऱ्याचे बरेचसे डिलिव्हरी उशिरा आल्याचे. दोन्ही सोड. दोन-तीन ताऱ्यांचे वाच, आणि त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फोटो टाकून लिहिलेले शोध. पावसाळा बघितलेला माणूस काय म्हणतो, तेवढंच ऐकायचं. आणि कस्टमर केअरला एक फोन कर: बिजागरी किंवा मिनीफिक्सचा सेट नंतर सुटा मिळेल का? 'बघून सांगतो' म्हणाले तर समज, मिळणार नाही. वॉरंटीच्या कागदात पाणी, वाळवी आणि घर बदलणं हे तिन्ही बहुतेक वगळलेलं असतं, म्हणजे नेमकं जे होणार तेच. वॉरंटीच्या आकड्यासाठी दोन हजार जास्त देऊ नकोस. त्याच पैशात पाय आणि जाड कडपट्टी येत असेल तर ते घे.

जोडणीच्या दिवशी घरी तू किंवा नवरा असाच. सासरे आले तर आणखी चांगलं, त्यांना पाणसळ लावता येत असणार. खोकी उघडल्यावर आधी सगळ्या फळ्यांचे कोपरे बघ, आपटलेला दिसला तर जोडायच्या आधी फोटो काढ आणि ती फळी बदलून माग. एकदा जोडलं की 'तुमच्याकडून झालं' म्हणतात. दाद दिलीच नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, त्या फोटोंसकट तक्रार कर. फिटर घाईत असतो, त्याला दिवसात पाच घरं करायची असतात. तो ड्रिल मशिनने स्क्रू कचकचून आवळतो, आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात बोर्डातले आटे चुरा होतात. बाहेरून घट्टच दिसतं, आत पकड गेलेली असते. त्याला आल्याआल्या चहा दे आणि सांग, 'दादा, शेवटचं आवळणं हाताने करा.' पाठ ठोकण्याआधी त्याला कपाटाचे दोन्ही कर्ण टेपने मोजायला लाव. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत, मग उलटं. दोन्ही सारखे आले की काटकोन जमला. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावर पुढची पाच वर्षं दारं नीट लागतात. उरलेले स्क्रू, एलन की (षटकोनी पाना) आणि जोडणीचा कागद एका पिशवीत घालून पाठीला आतून चिकटवून ठेव, पुढच्या घरी लागेल.

जागा निवडताना बाथरूमची सामाईक भिंत टाळ. दुसरी भिंतच नसेल तर दोन इंच सोडून उभं कर, म्हणजे मागे हवा खेळेल. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीलाही तेच, तिथे पावसाळ्यात मागून बुरशी धरते.

आणि ऑर्डर आत्ता जुलैत देऊ नकोस. खोकी पुठ्ठ्याची असतात, टेम्पोवरची ताडपत्री भांडुप स्टेशनच्या ट्रॅफिकमध्ये तासभर टिकली तर टिकली, आणि एकदा खोक्याचा कोपरा भिजला की आतली फळी जोडायच्या आधीच फुगलेली असते. पलंगासाठी थांबवत नसेल तर लोखंडी चौकटीचा आत्ता माग, त्याला भिजायची भीती नाही. बाकीचं दसऱ्याच्या सुमारास घे. तेव्हा सेलही लागलेले असतात.